घाटाचे इंजिनिअर बर्कले



पेडणे-डिचोलीच्या आम्हां लोकांची मुंबईची वाट फार वर्षे आगबोटीची. सबंध कोकण रेल्वे खुली झाली ती १९९८ साली. पण सह्याद्रीवर रूळ चढविण्याची विद्या त्याहून पुष्कळ जुनी. जेम्स बर्कले हे रॉबर्ट स्टीफन्सन यांच्या हाताखाली तयार झालेले. १८५० साली ते मुंबईस आले आणि १८५३ साली ठाण्यापर्यंत गाडी धावली. खरी कसोटी बोरघाटाची होती. पंधरा-सोळा मैलांत १८३१ फूट चढ, २५ बोगदे, ८ मोठे पूल; चढ कुठे कुठे ३७ फुटांस एक फूट. मध्येच गाडीची दिशा उलटवून पुढे न्यायची, ही युक्ती आम्हांस फार आवडते.

कंत्राटदार ट्रेडवेल १८५९ साली येताच वारले. काम त्यांच्या पत्नी अॅलिसबाईंनी चालविले. १८६१ साली चाळीस हजारांवर मजूर राबत होते. पटकीने किती गेले! साहेबांचे चरित्र छापले गेले, त्या मजुरांची नावे मात्र कुणी टिपली नाहीत, हे आम्हांस खटकते.

बर्कले आजारी होऊन १८६१ साली विलायतेस परतले, १८६२ साली वारले. घाट खुला झाला १८६३ साली. चारच वर्षांनी त्यावरील एक मोठा पूल कोसळला. दगडकाम कच्चे निघाले. तो पुन्हा बांधावा लागला.