गाड्यांच्या कारखान्याची मालकीण

आगगाडी येण्यापूर्वीं इंग्लंडांतील लांबचा प्रवास घोड्यांच्या गाड्यांनीं होत असे. दर आठ-दहा मैलांवर दमलेले घोडे सोडावयाचे, ताजे जोडावयाचे आणि गाडी पुढें हांकावयाची, असा तो क्रम. हा धंदा मोठमोठ्या सराईवाल्यांच्या हातीं होता, आणि त्यांच्यांत एका विधवेचें नांव मानानें घेतलें जाई. त्या म्हणजे लंडनमधील स्नो हिल येथल्या ‘सॅरासेन्स हेड’ या सराईच्या मालकीण सेरा अॅन माउंटन. डिकन्सनें आपल्या ‘निकोलस निकल्बी’ कादंबरींत स्क्वीअर्स मास्तराला उतरविलें आहे तें याच सराईंत.

१८१८ सालीं माउंटनबाईंचे पति वारले. त्या काळच्या इंग्रजी कायद्याप्रमाणें विवाहित स्त्रीला सामान्यतः स्वतःच्या नांवानें करार करतां येत नसे, आणि तिच्या हातीं आलेला पैसाही पतीचाच ठरे. पति वारला म्हणजे मात्र तीच स्त्री कायद्याच्या दृष्टीनें स्वतंत्र व्यक्ति होई. संसार भरलेला असतांना जें स्वातंत्र्य नाहीं, तें तो मोडल्यावर मिळावें, असा हा विपरीत न्याय होता. अशा प्रसंगीं धंदा मोडून स्वस्थ बसणारेही असतात. बाईंनीं तो चालविला; पुत्र पीटर त्यांच्या हाताशीं होता.

सराईच्या मागें त्यांचा गाड्या बांधण्याचा कारखाना होता. गाडी बांधणें हें एका कारागिराचें काम नव्हे. सांगाड्यास चिवट अॅशचें लांकूड, चाकाच्या तुंब्यास सहसा न फुटणारें एल्मचें, आर्‍यांस ओकचें. मग लोहाराच्या कमानी आणि धांवा, गादीवाल्याचें चामडें, आणि शेवटीं रंगार्‍याचे थरावर थर. एकाचें काम कच्चें राहिलें तर भरधांव गाडी उलटून उतारूंच्या जिवावर बेतावयाचें. अशी एक चांगली गाडी ११० ते १२० गिनींना पडे.

परंतु बाईंचें खरें चातुर्य पुढेंच आहे. लांबच्या मार्गावर अनेक सराईवाले भागीदार असत आणि प्रत्येकजण आपापल्या टप्प्यापुरते घोडे पुरवी. बाई या भागीदारांना गाडी विकीत नसत, भाड्यानें देत. भाडें मैलास साडेतीन पेन्स. लंडन ते बर्मिंगहॅम हें अंतर १०९ मैलांचें, म्हणजे एका खेपेस सुमारें ३१ शिलिंग ९ पेन्स. दुरुस्तीचा खर्च बाजूस ठेवला तर ८० खेपांच्या आंत गाडीची किंमत वसूल व्हावी, असा हा हिशेब. उतारू थोडे असोत वा पुष्कळ, चाक फिरत आहे तोंवर मालकिणीचा मैल बुडत नसे.

१८२३ सालीं त्यांनीं याच मार्गावर ‘टॅली-हो’ नांवाची जलद गाडी सुरू केली. ती हें अंतर ११ तासांत तोडी. तिचा असा लौकिक झाला कीं प्रतिस्पर्ध्यांनीं आपल्या गाड्यांनाही तेंच नांव जोडलें. त्यांतल्याच ‘इंडिपेंडंट टॅली-हो’नें १ मे १८३० रोजीं ईर्ष्येस पडून हा पल्ला ७ तास ३९ मिनिटांत गांठला.

१८३७ सालीं व्हिक्टोरिया राणी गादीवर आली. पुढच्याच वर्षीं, १७ सप्टेंबर रोजीं, लंडन-बर्मिंगहॅम लोहमार्ग सबंध खुला झाला आणि आगगाडी टॅली-होच्या निम्म्या वेळांत तेथें पोहोंचूं लागली. कारागीर कसबी, घोडे उमदे, हिशेब चोख. कशांतही उणें नसतां लांब पल्ल्याच्या गाड्या एकामागून एक बंद पडल्या. माउंटनबाई १८४२ सालीं निवर्तल्या. १८६८ सालीं हॉलबर्न व्हायाडक्टच्या बांधकामापायीं ती सराईही पाडली गेली.

इंग्लंडांत विवाहित स्त्रीच्या मिळकतीचा पहिला कायदा १८७० सालीं झाला, आणि तिला आपल्या मिळकतीवर पुरा हक्क मिळाला तो १८८२ च्या कायद्यानें. चाकास कोणतें लांकूड घालावें आणि मैलास काय दर आकारावा, हें ज्ञान पतीच्या निधनाबरोबर एका रात्रींत येत नाहीं. तें त्या घरांत आधींपासूनच वावरत असलें पाहिजे. नव्हती ती फक्त सही करण्याची मुभा. किती घरांतून असें ज्ञान सहीवांचून तसेंच विझून गेलें असेल, याचा हिशेब मात्र कोणत्याही वहींत सांपडत नाहीं.