स्वप्नाला साक्षीदार हवा

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त भरलेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यातील व्याख्यान)



'कष्टकरी घरातील मुलांची स्वप्ने' हा विषय संयोजकांनी मला दिला, याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. गेली बरीच वर्षे माझे वास्तव्य बेंगळुरूत आहे. म्हणून उदाहरणही त्याच शहरातले घेतो. ते आपणा सर्वांच्या परिचयाचे आहे. 'बसचा कंडक्टर महानायक झाला' अशा एका वाक्यात ते नेहमी सांगितले जाते. या वाक्यात कंडक्टर आहे, महानायकही आहे. मधली माणसे मात्र गळून गेली आहेत. आज मला बोलायचे आहे ते त्या मधल्या माणसांविषयी.

बेंगळुरूशी मराठी माणसाचा संबंध जुना आहे. सतराव्या शतकात ही जहागीर शहाजीराजांकडे होती. मराठी बोलणारी कुटुंबे तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली. घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर कन्नड हा त्यांचा रिवाज. अशाच एका घरात १२ डिसेंबर १९५० रोजी चार भावंडांत धाकटा मुलगा जन्मला. छत्रपतींच्या नावावरून त्याचे नाव शिवाजी ठेवले गेले. शिवाजीराव गायकवाड. वडील रामोजीराव पोलीस शिपाई होते. निवृत्तीनंतर कुटुंब हनुमंतनगर भागात राहू लागले. मुलाच्या लहानपणीच आई गेली. निवृत्त शिपायाचे घर, आईविना वाढणारे मूल आणि अकाली कर्तेपण आलेला थोरला भाऊ सत्यनारायणराव, असे ते चित्र होते. अशा घरात महिनाअखेरीचा हिशेब ज्याला त्याला तोंडपाठ असतो. कोणी काही बोलत नाही, पण मुलांना कळत असते.

मुलगा प्रथम गविपुरम येथील सरकारी कन्नड शाळेत गेला. पुढे त्याचे नाव आचार्य पाठशाळा या प्रसिद्ध संस्थेत घातले गेले. २०२५ च्या आरंभी रजनीकांत यांनी या शाळेच्या समारंभासाठी एक ध्वनिचित्र संदेश पाठवला होता. कन्नड माध्यमात आपण वर्गात पुढे होतो, इंग्रजी माध्यमात आल्यावर मागच्या बाकावर गेलो आणि मनाने खचलो, असे त्यांनी त्यात मोकळेपणाने सांगितले. परीक्षेत अपयश आले तेव्हा रसायनशास्त्राच्या शिक्षकांनी घरी येऊन मोबदला न घेता शिकवले, हेही सांगितले. आणखी एक आठवण त्यांनी दिली. पाहिलेल्या चित्रपटांच्या गोष्टी ते वर्गमित्रांना हावभावांसह करून दाखवीत. ही वार्ता शिक्षकांच्या कानी गेली. शिक्षा करण्याऐवजी शिक्षकांनी त्या मुलाला शाळेच्या नाटकात उभे केले. आदि शंकराचार्य आणि चांडाळ यांच्या भेटीवरचे ते नाटक होते आणि त्यात त्याला चांडाळाची भूमिका मिळाली.

पालकहो, या प्रसंगाकडे जरा थांबून पाहावे असे मला वाटते. घराच्या दृष्टीने तो मुलगा काय करीत होता? सिनेमे पाहत होता, अभ्यास सोडून नकला करीत होता. घराचा हा समज खोटा नव्हता. घराला दिसत होते ते बुडणारे वर्ष आणि वाया जाणारे शुल्क. शिक्षकांना त्याच नकलांत आणखी काही दिसले. मुलाच्या दिवास्वप्नाचा तो पहिला साक्षीदार. साक्षीदार मिळेपर्यंत स्वप्न मनात कोंडलेले असते. त्याची परीक्षा होत नाही, त्याला शिस्त लागत नाही. रंगमंचावर उभे राहिले की संवाद पाठ करावे लागतात, तालमीला वेळेवर यावे लागते, चुकले तर सर्वांसमोर चुकते. स्वप्नाला कामाचे रूप येते ते असे.

म्हणून घराशी होणारा संघर्ष टळला, असे मात्र झाले नाही. परीक्षेच्या शुल्कासाठी घराने ओढाताण करून जमवलेले पैसे घेऊन आपण मद्रासची गाडी पकडली होती, ही हकिकत रजनीकांत यांनीच एका जाहीर समारंभात सांगितली आहे. ऐकणारे हसतात, कारण शेवट ठाऊक असतो. पण ज्या घराने ते पैसे जमवले होते, त्या घरी त्या संध्याकाळी काय झाले असेल? कष्टकऱ्याच्या घरात मुलाचे स्वप्न आणि घराचे वास्तव समोरासमोर येतात ते असे, मोजक्या नोटांच्या रूपाने. मुलाला वाटते, घराला माझे मन कळत नाही. घराला वाटते, याला आमचे कष्ट कळत नाहीत. माझ्या मते दोघांचेही खरे असते. भांडण बहुतेक वेळा पैशाचे आणि वेळेचे असते. आपण ते मुलाच्या स्वभावाचे करून टाकतो. 'पैसे नाहीत' असे म्हणणे बापाला जड जाते, म्हणून तो 'तू नालायक आहेस' असे म्हणतो. पहिले वाक्य मूल सहन करू शकते. दुसरे मात्र ते जन्मभर विसरत नाही.

पुढे त्या तरुणाने हमाली केली, सुतारकाम केले आणि अखेर बेंगळुरू परिवहन सेवेत तो वाहक म्हणून लागला. घराच्या दृष्टीने प्रश्न सुटला होता. ठरलेला पगार, खाकी गणवेश, खांद्याला चामडी पिशवी. या नोकरीला आपण 'स्वप्नाआधीचे दिवस' म्हणून सोडून देतो. तसे करू नये. त्याच बसचे चालक राजबहाद्दूर यांनी अनेकदा सांगितले आहे की तिकिटे देण्याची, केस मागे सारण्याची त्याची लकब अशी होती की प्रवासी त्यासाठी थांबत. सुटीच्या वेळी परिवहन कर्मचारी नाटके बसवीत, त्यांत तो असे. आपल्याकडे गिरणगावात कामगारांनी रंगभूमी उभी केली, तिचीच ही सख्खी बहीण. दिवसभर साचा चालवायचा आणि रात्री तालीम करायची, हे मुंबईच्या कामगाराला नवे नव्हते. पोट भरणारी नोकरी आणि मन भरणारी कला एकाच अंगावर वागवणारी ही माणसे होती.

राजबहाद्दूर हे दुसरे साक्षीदार. मित्राने मद्रासला जाऊन अभिनयाचे शिक्षण घ्यावे, असा आग्रह त्यांनी धरला. लागलेली सरकारी नोकरी सोडून सिनेमा शिकायला जाणे घराला पटणे अवघडच होते. १९७३ मध्ये तो तरुण मद्रासच्या चित्रपट प्रशिक्षण संस्थेत दाखल झाला, तेव्हा या चालकाने आपल्या पगारातून त्याला मदत केली. तिथे के. बालचंदर यांनी त्याला हेरले आणि तमिळ शिकण्यास सांगितले. तेव्हाही राजबहाद्दूर यांनी यापुढे आपण तमिळमध्येच बोलायचे असा नियम घातला. घरची मराठी, शाळेची कन्नड, मागच्या बाकावरची इंग्रजी आणि आता पोटाची तमिळ. एका बसचालकाने मित्राला पैसे दिले, भाषाही दिली.

१९७५ साली 'अपूर्व रागंगळ' आला. त्यात फाटक ढकलून आत येणाऱ्या माणसाची छोटी भूमिका त्याच्या वाट्याला आली. नाव मात्र बदलावे लागले. तमिळ पडद्यावर शिवाजी गणेशन आधीच होते. आणि त्यांना ते नाव मिळाले होते अण्णादुराईंच्या नाटकात छत्रपती शिवाजी महाराजांची भूमिका केल्यामुळे! छत्रपतींचे नाव जन्मतः लाभलेल्या मराठी मुलाने ते तिथे ठेवले आणि बालचंदर यांनी दिलेले 'रजनीकांत' हे नाव घेतले.

२५ ऑक्टोबर २०२१ रोजी दिल्लीत दादासाहेब फाळके पुरस्कार स्वीकारताना त्यांनी तो तिघांना अर्पण केला : गुरू बालचंदर, थोरले बंधू सत्यनारायणराव आणि चालक मित्र राजबहाद्दूर. पंचेचाळीसहून अधिक वर्षांच्या कीर्तीनंतर त्यांना आठवली ती हीच मधली माणसे.

आता पुरस्कार ज्यांच्या नावाचा, त्यांचेही घर आठवून पाहा. १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र' उभा राहिला तो दादासाहेबांनी विमा गहाण टाकला आणि सरस्वतीबाईंनी अंगावरचे दागिने दिले तेव्हा. शिवाय सगळ्या मंडळींचा स्वयंपाक त्यांनी केला, फिल्मवरील प्रक्रियेचे काम शिकून घेतले. त्याच दादासाहेबांचा शेवट १९४४ साली नाशिकमध्ये विपन्नावस्थेत झाला, हेही विसरू नये. स्वप्नाची किंमत घर भरते, आणि कधी कधी ती परत मिळत नाही.

म्हणूनच, 'स्वप्न पाहा म्हणजे तुम्हीही रजनीकांत व्हाल' असे मी इथल्या मुलांना सांगणार नाही. त्या परिवहन कर्मचाऱ्यांच्या नाटकांत त्यांच्यासोबत आणखी कितीतरी जण उभे राहिले असतील. त्यांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत. ते हरले, असे मला वाटत नाही. आठ तास तिकिटे फाडून रात्री ज्याने दुर्योधनाचा मुकुट चढवला, त्याला आयुष्यात काहीतरी आपले स्वतःचे मिळाले. ज्याला तेही मिळाले नाही, ज्याचे स्वप्न कोणी पाहिलेच नाही, त्याच्यासाठी मला वाईट वाटते.

या शाळेत आज रिक्षाचालकांची, सुरक्षारक्षकांची, घरकाम करणाऱ्या भगिनींची मुले शिकतात. त्यांच्या हातात मोबाइल आहे आणि त्यातून रोज नवे स्वप्न आत येते. कोणाला क्रिकेट, कोणाला गाणे, कोणाला छायाचित्रण. पालकांना माझी विनंती एवढीच की 'हे खूळ सोड' म्हणण्याआधी मुलाला तीन प्रश्न विचारा. यासाठी तू रोज काय करणार? याला खर्च किती येईल? आणि किती दिवसांनी आपण पुन्हा बसून पाहायचे? खऱ्या ओढीला या प्रश्नांचा त्रास होत नाही. वरवरचे वेड आपोआप ओसरते. घरात पैसे नसतील तर तसे स्पष्ट सांगा. त्यात कमीपणा नाही.

गुरुजनहो, गॅदरिंग, नाटक आणि मैदान हे तास अभ्यासक्रमाच्या ओझ्याखाली कमी होऊ देऊ नका. मागच्या बाकावरचा मुलगा तिथेच प्रथम दिसतो.

आणि माजी विद्यार्थ्यांनो, आपण बक्षिसे ठेवतो ती पहिल्या क्रमांकाला. ती असू द्यात. पण जो एकदा नापास झाला आहे, किंवा शाळा सोडून कामाला लागला आहे आणि तरी काही शिकू पाहतो आहे, त्याच्या एका वर्षाच्या शुल्काची सोय या हीरक महोत्सवात आपण करू शकलो, तर ते खरे स्मारक होईल. त्या बसचालकाकडे मोठी संपत्ती नव्हती. पगार होता, आणि शेजारी उभ्या असलेल्या मुलाकडे नीट पाहण्याची दृष्टी होती. आपल्यापैकी बहुतेकांकडे आज त्याहून अधिक पैसा आहे. पाहण्याचे तेवढे मनावर घ्यावे, ही विनंती करून मी आपली रजा घेतो.