म्हशीमागचा बगळा



प्रथम एक खुलासा करतो. मी बी.ए., बी.एड. झालेला भाषेचा शिक्षक. जीवशास्त्र हा माझा विषय नव्हे. परंतु आज जो विषय घेतला आहे तो समजण्यास प्रयोगशाळा लागत नाही. आपल्या नांदुऱ्याच्या ज्ञानगंगेकाठी म्हशी चरावयास निघाल्या की तो डोळ्यांसमोर चालू लागतो.

म्हशीच्या पायापाशी घुटमळणारा पांढरा गायबगळा आपण सर्वांनी पाहिलेला आहे. (पावसाळ्यात त्याचे डोके व मान बदामी होते, तेव्हा मुले त्याला निराळा पक्षी समजतात, पक्षी तोच.) म्हैस पाय उचलते, गवत हलते, नाकतोडे उडतात आणि बगळा ते टिपतो. म्हशीला गवत हवे, त्याला नाकतोडा. तिचे काही जात नाही. या संबंधाला शास्त्रात सहभोजिता म्हणतात. गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात, १८७० नंतर, व्हान बेनेडेन या बेल्जियन प्राणिशास्त्रज्ञाने ही कल्पना रूढ केली. त्याने योजलेल्या शब्दाचा मुळातला अर्थ ‘एका मेजावर जेवणारे’ असा आहे. आपण म्हणू, एका दस्तरखानावर बसलेले. परजीवी यजमानाच्या अंगातून घेतो, सहभोजी त्याच्या ताटाबाहेर सांडलेले उचलतो.

परीक्षेत विद्यार्थी लिहितात, “एकास लाभ, दुसऱ्यास ना लाभ ना हानी.” पूर्ण गुण मिळतात. पण ‘ना हानी’ हे ठरविले कोणी आणि कसे, असे कोणी विचारीत नाही. आजचे माझे बोलणे या दोन शब्दांपुरतेच आहे.

बगळ्याच्या बाबतीत अभ्यासकांनी खरोखरच मोजणी केलेली आहे. हॅरल्ड हीटवोल यांनी १९६५ साली आपली निरीक्षणे प्रसिद्ध केली. गुरांबरोबर हिंडणाऱ्या बगळ्याला एकट्या बगळ्यापेक्षा कमी पावलांत जास्त भक्ष्य मिळते, असे त्यांना आढळले. लाभ सिद्ध झाला. म्हशीचे काय? पुष्कळजण सांगतात की बगळा गोचीड खातो, म्हणून म्हशीलाही फायदा आहे. एखादा गोचीड, एखादी गोमाशी तो टिपतही असेल. पण त्याचे मुख्य अन्न नाकतोडे, इतर कीटक आणि बेडूक हे आहे. शिवाय ट्रॅक्टरच्या नांगरामागे हेच बगळे रांगेने चालतात. ट्रॅक्टरला गोचीड नसतात!

आता झाडाकडे वळू. जुन्या आंब्याच्या फांदीवर दुसरेच काही हिरवे दिसले की आपण त्याला सरसकट बांडगूळ म्हणतो आणि कोयता घेतो. खरे बांडगूळ आंब्याच्या फांदीत मुळे रुतवून त्याचे पाणी व क्षार ओढते. ते अवश्य काढावे. पण रास्ना नावाचे आमर असते. त्याची जाड मुळे सालीला नुसती बिलगून असतात आणि पावसाचे, हवेतले पाणी घेतात. झाडाकडून त्याला केवळ उंचावर बसावयास जागा हवी असते. हे औषधी झाड आहे, त्याची फुले सुंदर असतात, आणि तेही बांडगुळाबरोबर कोयत्याखाली जाते. मूळ आत शिरले आहे की बाहेर आहे एवढे पाहण्याचे कष्ट घेतले तर ते वाचेल.

चिमणीचे प्रकरण याहून अवघड आहे. माणसाने शेती धरली तेव्हापासून ती आपल्या सोबत आहे. पाखडलेल्या सुपातून सांडलेला दाणा आणि आढ्यातली फट एवढ्यावर तिचा संसार चाले. अंगणातली चिमणी निरुपद्रवी, परंतु ज्वारीच्या कणसावर बसली की शेतकऱ्याची हानी होतेच. ती नाकारण्यात अर्थ नाही. चीनमध्ये १९५८ साली या हानीचाच तेवढा हिशेब केला आणि चिमण्या मारण्याची देशव्यापी मोहीम काढली. चिमणी पिल्लांना किडे भरविते, हे हिशेबात धरले नव्हते. किडी माजल्या, आणि १९६० मध्ये चिमणीचे नाव उपद्रवी जीवांच्या यादीतून काढून तेथे ढेकणाचे घालावे लागले.

याउलट एका मुलाची गोष्ट ऐका. वयाच्या दहाव्या-अकराव्या वर्षी मुंबईच्या खेतवाडीत, घरच्या तबेल्यातील चिमणीच्या घरट्यावर पाळत ठेवून त्याने जे दिसले ते वहीत टिपले. पुढे १९३० साली किहीमला त्याने सुगरणीच्या वसाहतीचे असेच निरीक्षण केले. तो मुलगा म्हणजे डॉ. सालिम अली. आपल्या आत्मचरित्राच्या नावातही त्यांनी चिमणी ठेवली. त्यांच्याजवळ विद्यापीठाची रीतसर पदवी नव्हती, हे पालकांनी ऐकून सोडून द्यावे. मुलांनी मात्र त्यावरून कॉलेज सोडू नये!

तेव्हा मुलांनो, येत्या पावसाळ्यातला एक रविवार या कामाला द्या. दोघादोघांनी जावे, एकाजवळ घड्याळ, दुसऱ्याजवळ वही. म्हशीजवळचा एक बगळा आणि एकटा फिरणारा एक बगळा निवडा. प्रत्येकाकडे दहा मिनिटे पाहा. पावले किती टाकली, चोच किती वेळा मारली, भक्ष्य किती वेळा हाती लागले, हे लिहा. म्हैस त्याला शेपटीने हाकलते का, तेही लिहा. कपड्यांना चिखल लागेल. पालकांनी त्या दिवसापुरते रागावू नये. सोमवारी वह्या माझ्याकडे आणून द्या.