शिट्टी, काठी आणि मोबाईल



आपल्यातले काही जण आज पुण्या-मुंबईत असलो, तरी बरेच जण अजून नांदेड-लातूरच्या गावांत शेती सांभाळतात. सोयाबीनच्या गंजी लागल्या की त्यांची झोप उडते. पोलीस ठाणे लांब, पहिली मदत शेजाऱ्याचीच. म्हणून ग्रामसुरक्षा दल हवे. पूर्वी जागल्या करायचा तेच हे काम. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, 1951 मध्ये त्याची तरतूद आहे. पोलीस पाटलांच्या साथीने तरुण रात्री गस्त घालतात, संशयास्पद गाडीचा नंबर टिपतात, ठाण्याला कळवतात.

दलाचे काम इथेच संपते. शिक्षा देणे त्याच्याकडे नाही. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, मुले पळवणारी टोळी समजून जमावाने पाच जणांचा जीव घेतला. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षेवर पोट भरणारे होते. त्याआधी मोबाईलवर अफवा फिरत होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवण्याची मर्यादा जाहीर केली. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते, म्हणून सांगते: अशा मर्यादेने संदेशाचा वेग कमी होतो, त्यातले खरे-खोटे कळत नाही. ते माणसालाच तपासावे लागते.

आपल्याकडेही पालावरची माणसे येतात. गावातल्या मित्रांनो, दलात जरूर जा. शहरातल्यांनो, गावच्या ग्रुपवर काही टाकण्याआधी पोलीस पाटलांना विचारा. आणि अनोळखी माणसाचा संशय आला तर 112 लावा, पोलीस येईपर्यंत त्याला गर्दीपासून सांभाळा.