रुग्णवाहिकेचा अपघात, भरपाईचे दोन दरवाजे

रुग्णाला घेऊन निघालेल्या रुग्णवाहिकेला समोरून ट्रकने धडक दिली आणि चालक दगावला, असं समजा. ड्युटीवर मृत्यू, म्हणून कामगार भरपाई मिळू शकते. चूक ट्रकवाल्याची, म्हणून मोटार अपघात दावा न्यायाधिकरणातही जाता येतं. पण मोटार वाहन कायदा 1988, कलम 167 सांगतं, दोन्हींपैकी एकच.

आता हिशेब पाहा. चालक 30 वर्षांचा, कंत्राटी, पगार 15 हजार, मागे पत्नी आणि दोन मुलं. कामगार भरपाईत निम्मा पगार गुणिले 207.98, म्हणजे 15 लाख 59 हजार 850 रुपये. चूक कोणाची, हा प्रश्नच तिथे येत नाही. न्यायाधिकरण पगारात भावी वाढीचे 40 टक्के मिळवतं, त्याच्या स्वतःच्या खर्चापोटी एक तृतीयांश वजा करतं आणि वर्षाच्या रकमेला 17 ने गुणतं. होतात 28 लाख 56 हजार. इतर किरकोळ रकमा वेगळ्या. मात्र इथे ट्रकवाल्याची चूक सिद्ध करावी लागते. चूक आपल्याच चालकाची असेल, तर पहिलाच दरवाजा खरा.

घाईत कोणी पुढे केलेल्या अर्जावर सही होते आणि तीच निवड ठरते, हे फार वाईट. मालकाने आपणहून पैसे जमा केले आणि कुटुंबाने ते घेतले, तर मात्र निवड झाली असं होत नाही; ती रक्कम पुढे वजा होते, असं सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये म्हटलं आहे.

तेव्हा सहीआधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. न्यायाधिकरणात अर्जाची मुदत सहा महिने आहे.