किराण्याची यादी आणि घराचे आरोग्य

(बचत गटांतील भगिनींच्या एका मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



सकस खा, चौरस खा, असा उपदेश व्यासपीठावरून तुम्ही पुष्कळ ऐकला असेल. महिनाअखेरीस वाण्याच्या वहीत किती रक्कम चढते, हे मात्र उपदेश करणारा क्वचितच विचारतो. म्हणून मी आज त्या वहीपासूनच आरंभ करते.

काही दिवसांपूर्वी एका मोठ्या दुकानातून मी ‘बहुधान्य’ असे ठळक अक्षरांत छापलेली बिस्किटे मोठ्या कौतुकाने घरी आणली. सासूबाईंनी पुडा हातात घेऊन एवढेच विचारले, “यात बाजरी कितवी गं?” वेष्टनावर घटकपदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात. मी वाचू लागले. पहिला मैदा, दुसरी साखर, मग तेल. बाजरी पार सहाव्या क्रमांकावर! त्या पुड्याच्या पैशांत घरात अख्खी बाजरी किती आली असती, याचा हिशेब मी सासूबाईंसमोर केला नाही. तो त्यांनीच केला.

आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात हे घडावे, हे विशेष. पाथर्डी, जामखेड, कर्जत, पारनेर हा ज्वारी-बाजरीचा मुलूख. अकोल्याच्या डोंगरात नागली, वरई आणि भात. हुलगे, मटकी, चवळी, करडई, शेंगदाणा ही सारी आपल्याच मातीतली पिके. जे अख्खे धान्य शहरांतून आज चकचकीत पिशव्यांत विकले जाते, ते आपल्या आठवडे बाजारात पोत्यांत उघडे मांडलेले असते.

परंतु जुने ते सारे स्वस्त, असे मी म्हणणार नाही. ज्वारी ही गरिबाची भाकरी होती, तो काळ गेला. २०२४-२५ या पीकवर्षासाठी केंद्र सरकारने जाहीर केलेली आधारभूत किंमत पाहा. मालदांडी ज्वारी क्विंटलला ३४२१ रुपये, बाजरी २६२५ आणि गहू २४२५. बाजारभाव वेगळे असतात, पण कल यावरून कळतो. ज्याला दोन्ही वेळा ज्वारी परवडत नाही, त्याने मन खट्टू करून घेऊ नये. थंडीत बाजरी, उन्हाळ्यात एक वेळ ज्वारी आणि बाकी घरी दळलेला, न चाळलेला गहू, अशी वाटणी करावी. कोंडा गाळून टाकणे म्हणजे पैसे देऊन विकत घेतलेले सत्त्व उकिरड्यावर टाकणे होय.

बाजरी मात्र एकदम दळून ठेवू नका. तिच्यात स्निग्धांश अधिक, त्यामुळे पीठ लवकर कडू होते. मग घरची माणसे बाजरीला नावे ठेवतात. धान्य साठवावे, पीठ आठवड्यापुरतेच करावे.

आता शिधापत्रिकेकडे वळू. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यान्वये प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीस दरमहा ५ किलो धान्य मिळते आणि जानेवारी २०२३ पासून ते विनामूल्य आहे. पाच माणसांच्या घरात २५ किलो. भरड धान्याची तरतूद त्या कायद्यात आहे. पदरात पडतात ते मुख्यतः गहू आणि तांदूळ. त्याविषयी आपण मागणी करत राहूच. पण धान्याचे जे पैसे वाचले, ते कोठे गेले? माझ्या पाहण्यात ते फरसाण, खारी आणि थंड पेयांत जातात. ते कडधान्य, शेंगदाणे आणि पालेभाजी यांकडे वळवले पाहिजेत. तुरीची डाळ भडकली की मटकी आणि हुलगे आहेतच. मोड आणले की तेच कडधान्य पचायला हलके होते, शिवाय क जीवनसत्त्व वाढते.

हे मी एवढ्या आग्रहाने का सांगते? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४.२ टक्के स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळले. त्याआधीच्या, २०१५-१६ च्या पाहणीत हे प्रमाण ४८ टक्के होते. म्हणजे या सभागृहातील दर दोघींत एक. सर्वांना वाढून उरलेल्यात भागवणारी तीच असते. बाजरीत लोह चांगले आहे. आपल्या राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने इक्रिसॅटच्या सहकार्याने ‘धनशक्ती’ हा अधिक लोहाचा वाणही दिला आहे. परंतु धान्यातले लोह अंगी लागायला सोबत लिंबू, पेरू किंवा आवळा हवा, आणि जेवणाला लागून चहा नको. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या असतील, तर भाकरीच्या भरवशावर त्या बंद करू नका.

आपल्या पूर्वजांनी भोगीच्या दिवशी तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि त्या ऋतूतील सगळ्या शेंगा-भाज्यांची मिसळ ठरवून दिली. त्या दिवसांत वांगी, गाजर, ओला हरभरा, पावटा बाजारात मुबलक आणि म्हणून स्वस्त असतो. ज्या दिवशी ज्याचे ढीग लागतात, त्या दिवशी ते घ्यावे, हा खरेदीचा नियम त्यात आला.

आणि जे परसात उगवते, ते यादीत येतच नाही. अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी वाल-घेवड्याचे आणि भाज्यांचे गावरान वाण राखले, बायफ संस्थेच्या साहाय्याने बियाणे बँक उभी केली. त्यांना २०२० चा पद्मश्री सन्मान जाहीर झाला. त्या शाळेत गेल्या नव्हत्या. त्यांच्याइतके काम आपल्या हातून होणार नाही, पण न्हाणीच्या सांडपाण्यावर अळू आणि कुंपणावर घेवड्याचा एक वेल एवढे तरी होईल.

एक गोष्ट पुरुषांच्या कानी घालायची आहे. दाराशी काही बसले आहेत, म्हणून मुद्दाम मोठ्याने बोलते. भाकरी बिस्किटासारखी पुड्यातून निघत नाही. ती दोन वेळा थापावी लागते, चुलीशी उभे राहावे लागते. शेतातून दमून आलेल्या स्त्रीने हे एकटीनेच करावे, अशी अपेक्षा असेल, तर ती मैद्याचा पुडा फोडणार आणि मी तिला दोष देणार नाही. दळण आणणे, कडधान्य निवडणे, भाजी चिरणे यांपैकी काही तरी घरधन्याने उचलावे.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीने मागच्या महिन्याची किराण्याची यादी आणायची आहे. पुड्यातल्या वस्तू लाल शाईने, पोत्यातल्या निळ्या शाईने लिहून आणा. बेरीज आपण येथेच करू. माझीही यादी आणीन. तिच्यात लाल रंग बराच आहे, हे आधीच कबूल करून ठेवते.