देहाने टाकून दिलेला वारसा

माणसाच्या देहपेशीत 46 गुणसूत्रे आणि जननपेशीत, म्हणजे स्त्रीबीजात किंवा शुक्राणूत, 23 असतात, हे आपण सगळे शाळेत शिकलो. ते खरेच आहे. पण त्यामुळे मनात बसते की दोन्हीकडचा मजकूर एकच, फरक फक्त निम्म्याचा. सगळ्या सजीवांत तसे नाही, आणि हे मला घोड्याच्या आतड्यातल्या एका जंताच्या आधाराने सांगायचे आहे.

या जंताची गुणसूत्रे अगदी मोजकी, एका प्रकारात तर अवघी दोन. म्हणून तो संशोधकांच्या फार उपयोगी पडला. 1883 मध्ये बेल्जियमच्या एदुआर व्हान बेनेडेन यांनी याच जंतात दाखवून दिले की गर्भाला आईबापांकडून सारखीच गुणसूत्रे मिळतात. 1887 च्या सुमारास म्युनिकला थिओडोर बोव्हेरी तेच गर्भ न्याहाळत होते. फलित अंड्याच्या दोन पेशी झाल्या. त्या पुन्हा विभागू लागल्या तेव्हा एकीची गुणसूत्रे अखंड राहिली. दुसरीत मात्र त्यांच्या मधल्या भागाचे बारीक तुकडे झाले आणि टोकांचे जाड भाग पेशीद्रवात पडून विरून गेले. पुढच्या काही विभाजनांतही हेच घडले. शेवटी संपूर्ण वारसा सांभाळणारी एकच पेशी उरली आणि पुढची अंडी नि शुक्राणू तिच्याच वंशातून आले. त्वचा, स्नायू, आतडे असा बाकीचा सारा देह छाटलेल्या वारशावर उभा राहिला. छाटही केवढा! या जंतात 80 टक्क्यांहून अधिक डीएनए देहपेशींतून नाहीसा होतो.

त्याच काळात फ्रायबुर्गचे ऑगस्ट वाइसमान मांडत होते की जननपेशींची परंपरा देहापासून अलग चालते आणि देहपेशीला तिच्या कामापुरताच वाटा मिळतो. पहिली गोष्ट प्राण्यांच्या बाबतीत मोठ्या प्रमाणात टिकली. दुसरी बहुतेक प्राण्यांना लागू पडली नाही. 1996 मध्ये स्कॉटलंडमध्ये डॉली जन्मली ती मेंढीच्या कासेतल्या पेशीच्या केंद्रकापासून; म्हणजे अख्खी मेंढी घडवण्याइतका मजकूर त्या पेशीत शाबूत होता.

तरी जंत एकटा नाही. 1998 मध्ये अर्जेंटिनातल्या संशोधकांना झेब्रा फिंच या छोट्या पक्ष्यात एक भले मोठे गुणसूत्र सापडले. ते फक्त जननपेशींत असते, देहात कुठेच नाही. नरात शुक्राणू घडताना तेही बाहेर टाकले जाते, त्यामुळे ते पिलांना मुख्यतः आईकडूनच मिळते. 2019 मध्ये गाणाऱ्या पक्ष्यांच्या 16 जाती तपासल्या, तेव्हा सगळ्यांत असे गुणसूत्र मिळाले. आपली चिमणी, दयाळ, बुलबुल याच गटातले. रोज खिडकीशी येणाऱ्या पाखरांबद्दल ही गोष्ट इतकी उशिरा कळावी, याचे मला फार नवल वाटते.

टाकायचे तरी कशासाठी? डुकरातल्या जंताचा अभ्यास 2012 मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या देहपेशी सुमारे 700 जनुके गमावतात आणि त्यांतली बरीच जननपेशी घडवण्याच्या किंवा गर्भाच्या सुरुवातीच्या कामातली असतात. ते काम देहात नको असते, म्हणून हा जंत त्यांना कायमचे बाद करतो, असे मला पटते. आपले शरीर अशी जनुके टाकत नाही, नुसती गप्प बसवते. आणि गप्प बसवलेले पुन्हा बोलू शकते. 1991 मध्ये ब्रुसेल्समधल्या संशोधकांनी त्वचेच्या कर्करोगात एक जनुक ओळखले. निरोगी प्रौढ शरीरात ते मुख्यतः वृषणात जागे असते. गाठीत ते भलत्याच ठिकाणी जागे झाले होते. त्याच कुळातल्या दुसऱ्या जनुकाच्या खुणेवर नेम धरणारा उपचार 2024 मध्ये अमेरिकेत एका दुर्मीळ मऊ ऊतींच्या कर्करोगासाठी मंजूर झाला. त्यात रुग्णाच्याच रोगप्रतिकारक पेशी ती खूण ओळखायला तयार करून परत देतात. वृषणातल्या जननपेशी ही खूण आपल्या पृष्ठभागावर मांडत नाहीत, म्हणून तयार केलेल्या रोगप्रतिकारक पेशी गाठीवर चालून जातात, जननपेशींवर नाही.